डाकीण कुणाच्या दारात उभी राहते?



तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून मला बोलावलं की लोक शंकराचार्य किंवा कांट यांची अपेक्षा करतात. आज मी टीव्हीवरच्या डाकिणीवर बोलणार आहे. (हशा) हसा, हरकत नाही. पण विषय हलका नाही. मालिका बघून झाल्यावर आपण जे मत देतो, त्या मताचं परीक्षण मला करायचं आहे.

झालं असं. मागल्या महिन्यात मी पुतणीकडे चिखलीला गेलो होतो. संध्याकाळी शेजारची चार घरची मंडळी जमली आणि 'नजर' या हिंदी मालिकेचा एक जुना भाग लावला. स्टार प्लसवर जुलै २०१८ ते फेब्रुवारी २०२० या काळात ती चालली. मोहना नावाची डायन, म्हणजे आपली डाकीण, आणि राठोड नावाचं सुखवस्तू कुटुंब. मोनालिसा या नटीनं मोहना केली आहे. डाकिणीची सगळी ताकद तिच्या वेणीत. भाग संपला आणि मंडळी बोलायला लागली. मी वहीत चार मतं टिपून घेतली. मास्तरकीची खोड.

पहिलं मत एका तरुणाचं. "सर, हे तं सारं खोटंच हाय, पण पाहाले मजा येते."

दुसरं एका वयस्क गृहस्थांचं. "खोटं काऊन? अशा बाया असतात. आमच्या मामाच्या गावाले होती एक. तुमी पुस्तकं वाचता, म्हनून तुमाले दिसत नाही."

तिसरं एका शिक्षकांचं. "असल्या मालिकांवर बंदीच घातली पाहिजे."

चौथं एका सुनेचं, तेही स्वयंपाकघराच्या दारातून, हळूच. "मले तं मोहना आवडते. त्या घरात कोनाले भेत नाही अशी तीच एक हाय."

या चार मतांपैकी कुठलंच मूर्खपणाचं नाही. चौघांनी खरं काहीतरी पाहिलेलं आहे. पण कुणी किती पाहिलं, ते तपासायला हवं.

पहिल्या मतापासून सुरू करू. खोटं आहे हे ठाऊक असून मजा येते. इंग्रज कवी कोलरिज यानं १८१७ साली या गोष्टीला अविश्वास स्वखुशीनं बाजूला ठेवणं असं म्हटलं. आपल्याकडे त्याच्या फार आधी भरतानं भयानक हा रस सांगितला, आणि काश्मीरच्या अभिनवगुप्तानं नाट्यशास्त्रावरच्या टीकेत रसाच्या आड येणारी सात विघ्नं मोजली. त्यातलं दुसरं विघ्न आज आपल्या कामाचं आहे. पडद्यावरचं किंवा रंगमंचावरचं भय हे कुण्या एकाचं राहू नये. ते माझं नाही, शेजाऱ्याचं नाही, अमक्या गावाचं नाही. ते नुसतं भय असावं. यालाच साधारणीकरण म्हणतात. ते भय माझं किंवा तुझं झालं, त्याला ठिकाण आणि नाव मिळालं, की रस संपला. उरतं ते साधं भ्यायलेपण.

आता दुसऱ्या गृहस्थांचं मत ऐका. "आमच्या मामाच्या गावाले होती एक." बघा, भयाला गाव मिळालं. अजून पाच मिनिटं बसलो असतो तर आळी आणि घरही मिळालं असतं. त्या गृहस्थांचा रस तिथेच मोडला. आता प्रश्न असा, की दोष त्यांचा की मालिकेचा?

उत्तरासाठी मराठीतल्या दोन गोष्टी शेजारी ठेवतो.

एक, रत्नाकर मतकरींचं 'अलबत्त्या गलबत्त्या'. त्यातली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, पुढे २०१८ साली वैभव मांगले यांनी ती पुन्हा उभी केली. पोरं किंचाळतात आणि त्याच दमात हसतात. चेटकिणीचं काम पुरुष करतो आहे, हे पोराला दिसतं. नाटक पाहून घरी आलेल्या कुठल्याही पोरानं शेजारच्या आजीकडे बोट दाखवून "हीच चिंची" म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. चिंचीला पत्ता नाही.

दुसरं, 'रात्रीस खेळ चाले'. झी मराठीवर फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा, मालवणी बोली, आणि अण्णा नाईकांच्या मृत्यूनं सुरुवात. तिच्यावरही आक्षेप आले. अंधश्रद्धा पसरते असं काहींनी म्हटलं, आमच्या कोकणाची बदनामी होते असं तिथल्या लोकांनी म्हटलं. हे आक्षेप समजण्यासारखे होते. पण २०१९ चा दुसरा भाग आठवा. गोष्ट मागं गेली. अण्णा जिवंत असताना काय करत होते, शेवंता कोण होती, हे दाखवलं. भुताच्या मागं माणसाची लालसा होती, एका बाईची फरफट होती. प्रेक्षकांनी शेवंतेला डोक्यावर घेतलं ते उगीच नाही. तिला बोलायला मिळालं, आणि तिची बाजू दिसली.

इथे एक फरक लक्षात घ्या. भूत मेलेलं असतं. डाकीण जिवंत असते. भुताची गोष्ट कितीही अंगावर आली, तरी मेलेल्याला कुणी मारायला जात नाही. डाकिणीच्या गोष्टीचं तसं नाही. ती बाई नळावर पाणी भरते, तिच्या घरात चूल पेटते, तिला दार आहे. म्हणून भुताची मालिका आणि डाकिणीची मालिका एकाच तागडीत तोलता येत नाहीत. 'मनोरंजन म्हणून बघा' हे वाक्य पहिलीला चालतं. दुसरीला चालवताना दहादा विचार करावा लागतो.

आता 'नजर'चा मुख्य दोष सांगतो. तो ज्ञानाच्या साधनांचा आहे. गौतमाच्या न्यायदर्शनात चार प्रमाणं आहेत. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. गावात एखाद्या बाईला डाकीण म्हणतात तेव्हा प्रत्यक्ष तर कुणाकडेच नसतं. असतं ते कच्चं अनुमान. ती अंगणातून गेली, आणि संध्याकाळी म्हैस आटली. आपली जुनी म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली. एवढ्यावर अनुमान उभं राहत नाही. फांदी मोडल्याचा दोष कावळ्याला देता येत नाही.

मालिका काय करते? जे गावात कुणाजवळ नसतं, ते प्रत्यक्ष ती प्रेक्षकाच्या हातात देते. वेणी सळसळताना कॅमेरा दाखवतो. घरातल्या पात्रांना कळायच्या आधी तुम्हाला-मला कळलेलं असतं. मग घरातलं जे पात्र म्हणतं, "असं काही नसतं," ते आपल्याला भोळं वाटतं. आपण सोफ्यावरून ओरडतो, "अरे, तीच आहे!" भागामागून भाग शंका घेणारा खोटा पडतो, आणि संशय घेणारा खरा ठरतो. सवय लागते ती याची. डाकीण असते की नाही हा प्रश्न बाजूलाच राहिला. 'संशय आला म्हणजे खरंच असणार' ही सवय मला जास्त घातक वाटते.

हे नुसतं माझं तर्कट नाही. अमेरिकेत सेलम गावी १६९२ साली चेटकिणींचे खटले चालले. १९ जणांना फाशी दिलं. तिथल्या न्यायालयानं एक विचित्र पुरावा मान्य केला होता. 'तिची छाया मला रात्री दिसली, तिनं माझा गळा दाबला' असं कुणी सांगितलं की तो पुरावा. बाई स्वतः घरी झोपलेली असली तरी छाया तिचीच. पुढच्या वर्षी नव्या न्यायालयानं हा पुरावा धरायचं नाकारलं, आणि बहुतेक आरोपी सुटले. लोकांची श्रद्धा काही एका वर्षात बदलली नव्हती. फक्त कुठला पुरावा चालेल आणि कुठला नाही, हा नियम बदलला. त्यानं माणसं वाचली. आपल्या मालिकेतला कॅमेरा म्हणजे तो छायेचा पुरावा आहे. तो पडद्यावर ठीक. पण बघणारा तोच घेऊन गल्लीत उतरला, तर अवघड आहे.

आता तिसऱ्या मताकडे, बंदीच्या. शिक्षक मंडळींना कायदा लगेच आठवतो. आपल्याकडे कायदे आहेत. १९९४ च्या केबल टेलिव्हिजन नियमांत अंधश्रद्धेला उत्तेजन देणारे कार्यक्रम दाखवू नयेत असं लिहिलेलं आहे. ते लिहिलेलं असताना या मालिका चालल्याच. दुसरा कायदा महाराष्ट्राचा, जादूटोणाविरोधी. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, मग काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. त्याची अनुसूची एकदा वाचाच. अमकी व्यक्ती करणी करते, मंत्रानं जनावराचं दूध आटवते, तिच्यामुळे रोगराई येते, असं जाहीर करणं किंवा तसा समज पसरवून तिचं जगणं कठीण करणं, हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड.

म्हणजे कायद्यानं नेमकी जागा पकडली आहे. तुम्ही मनात काय मानता हे तो विचारत नाही. तुम्ही कुणाकडे बोट दाखवलं, हे विचारतो. समीक्षेनंही तेच विचारावं असं मला वाटतं. चेटकीण गोष्टीतून हद्दपार करा असं मी म्हणणार नाही. मग चिंचीही जाईल, 'मॅकबेथ'मधल्या तिघीही जातील. मी मालिकेला दोन प्रश्न विचारीन. तुमच्या गोष्टीत शंका घेणाऱ्याला कधीतरी खरं ठरू देता का? आणि जिच्यावर आळ आला, तिला बोलू देता का?

दुसऱ्या प्रश्नाशी चौथं मत जोडलेलं आहे, स्वयंपाकघराच्या दारातलं. चौघांत ते मला सगळ्यांत शहाणं वाटलं. त्या सुनेनं मोहनेत डाकीण पाहिलीच नाही. कुणाला न घाबरणारी बाई पाहिली. पण ती पुढे जे बोलली नाही, ते मी बोलतो. या मालिकेत बाईला निर्भय व्हायचं तर डाकीण व्हावं लागतं, आणि डाकीण झाली की तिला संपवणं हेच पुण्य. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबारकडे, ज्या बायांना डाकीण ठरवलं गेलं त्यांची हकिगत कार्यकर्ते सांगतात तेव्हा बहुधा हेच दिसतं. बाई एकटी आहे, विधवा आहे, तिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे, किंवा ती उलट बोलते. झारखंडात छुटनी देवींना डायन ठरवून छळलं. त्यांनी पुढं अशाच बायांसाठी आयुष्य घातलं, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोहनेची गोष्ट छुटनी देवींच्या बाजूनं कुणी लिहील का, याची मी वाट बघतो आहे.

कुणी म्हणेल, सर, हे झारखंडात, नंदुरबारात. आपल्याकडे कुठं? होळीच्या सुमारास सैलानीला जाऊन या. लांबलांबून माणसं येतात. कुणाच्या अंगात येतं, कुणाला बाहेरचं झालंय म्हणून आणलेलं असतं. त्यांना मी हसत नाही, तुम्हीही हसू नका. त्यांचं दुःख शंभर टक्के खरं असतं. चुकतं ते निदान. आणि निदान चुकलं की त्याचा भार बहुतेक वेळा दुसऱ्या कुणावर तरी पडतो. 'हिला कुणी केलं?' हा प्रश्न निघाला, की एका नावाची गरज पडते.

आता शेवटचं. सांगू की नको, असं दोन दिवस वाटत होतं.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमच्या आळीत एक विधवा काकू राहायच्या. त्यांच्याकडचं ताक आमच्या घरी यायचं. एका पावसाळ्यात शेजारचा पोरगा घटसर्पानं गेला. आदल्या दिवशी काकूंनी त्याच्या गालावरून हात फिरवला होता. एवढंच. कुणी त्यांना मारलं नाही, गावाबाहेर काढलं नाही. आईनं ताक आणणं बंद केलं. बारशाला बोलावणं बंद झालं. आम्ही पोरं त्यांच्या दारासमोरून श्वास रोखून पळायचो. अशी वीस वर्षं गेली.

त्या वारल्या तेव्हा मी सुट्टीत गावी होतो. तोवर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होतो. अनुमान कसं चुकतं, हे फळ्यावर लिहून देत होतो. तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळेनात, असा निरोप घरी आला. आई म्हणाली, "तू नको जाऊस, लेकरं लहान आहेत." आणि मी गेलो नाही.

काकू डाकीण आहेत असं मला वाटत नव्हतं. एक क्षणही नाही. तरी मी गेलो नाही. म्हणून पहिल्या तरुणाचं 'हे तं सारं खोटंच हाय' ऐकून माझं समाधान होत नाही. खोटं आहे हे मलाही ठाऊक होतं. नुसतं ठाऊक असून भागत नाही. त्या दारापर्यंत चालत जावं लागतं.

तेव्हा मालिका बघा, मी बघू नका म्हणत नाही. मजाही घ्या. भाग संपल्यावर एकमेकांना एवढं विचारा, की आपल्या मनातली भीती आत्ता कुणाच्या दारात जाऊन उभी राहिली आहे. एखादं दार आठवलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं जा. ताक मागा.