शेताच्या मधला माणूस : जपानी आडनावांच्या अर्थाविषयी

पुण्यात जपानी शिकायला लागलो तेव्हाची एक शंभर पानी वही अजून माझ्याकडे आहे. तिच्या शेवटच्या पानांवर आडनावांची यादी आहे. तानाका : शेताच्या मधला. यामामोतो : डोंगराच्या पायथ्याचा. कोबायाशी : लहानसे रान. इशिकावा : दगडांची नदी. माएदा : पुढचे शेत. प्रत्येक नावापुढे कांजी, म्हणजे चित्राक्षरे, आणि त्यापुढे मराठी अर्थ. कुलकर्णी-देशपांड्यांच्या हुद्देवाचक आडनावांत वाढलेल्या मला त्या पानांनी भारून टाकले होते. हा अख्खा देश निसर्गकवितेत सही करतो, असे मी तेव्हा मित्रांना सांगत असे.

अलीकडे काही जपानी कथांचे अनुवाद करत होतो. संपादकांनी सुचवले, की पात्रांच्या आडनावांचे अर्थ तळटीपांत द्यावेत. वाचकाला गंमत वाटेल. मी वही काढली, टिपा लिहायला बसलो आणि तिसऱ्या-चौथ्या टिपेलाच अडलो. हा लेख त्या अडण्यातून झाला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : जपानी आडनावाचे भाषांतर करता येते, पण त्याचा अर्थ त्या भाषांतरात बहुधा सापडत नाही. हे नाव कोणी, केव्हा, कोणाला दिले आणि कोणाकडून काढून घेतले, याच्या नोंदींत तो शोधावा लागतो.

अक्षर एक, उच्चार दुसरा

पहिली अडचण सुझुकीपाशी आली. माझ्या वहीत ‘घंटेचे झाड’ असे लिहिले आहे. अक्षरे तशीच आहेत : एक घंटेचे, एक झाडाचे. पण हे आडनाव कुमानो भागातले. कापलेल्या भाताच्या रचलेल्या गंजीला तिकडे असलाच काहीसा शब्द होता. कुमानोच्या देवस्थानाशी जोडलेले हे घराणे पसरले, तसे त्याचे नावही देशभर गेले. घंटा आणि झाड ही अक्षरे उच्चार जुळतो म्हणून बसवलेली. म्हणजे मी ज्याला अर्थ समजत होतो, तो केवळ लेखनाचा पोशाख होता.

सातो हे आज जपानातले सर्वांत मोठ्या संख्येचे आडनाव. यातल्या ‘तो’चे अक्षर फुजी या जांभळ्या फुलांच्या वेलीचे आहे. पण सातोंच्या अंगणात तो वेल होता म्हणून ते नाव पडलेले नाही. ते अक्षर फुजिवारा या प्राचीन सत्ताधारी घराण्याची खूण आहे. इसे प्रांतातले फुजिवारा ते इतो, कागा प्रांतातले ते कातो. ‘सा’ कुठून आला याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण ‘तो’चा दावा उघड आहे : आमचे मूळ थोर कुळात आहे. पुढे अनेकांनी तो दावा रक्ताच्या नात्याशिवायही केला. इथे ‘वेल’ अशी टीप देणे म्हणजे वंशावळीला फुलझाडांच्या यादीत घालणे.

काही आडनावे तर उघडउघड कोडी आहेत. ‘लहान पक्षी खेळतात’ अशी तीन अक्षरे लिहायची आणि वाचायचे ताकानाशी, म्हणजे ‘ससाणा नाही’. ससाणा नसला तरच पक्षी निर्धास्त खेळणार! ‘चौथ्या महिन्याचा पहिला दिवस’ असे लिहून वाचायचे वातानुकी, म्हणजे ‘कापूस काढणे’. कारण त्या दिवशी थंडीच्या कपड्यांतला कापूस काढून टाकायची रीत होती. एकाच अक्षरांचे अनेक उच्चार आणि एकाच उच्चाराची अनेक लेखने होत असल्यामुळे जपानी आडनावे नेमकी किती, हेही मोजणाऱ्यावर ठरते. एक लाखापासून तीन लाखांपर्यंतचे आकडे दिले जातात.

आणखी आश्चर्य म्हणजे, सरकारी कुटुंबनोंदवहीत, म्हणजे कोसेकीत, नावाच्या उच्चारासाठी रकानाच नव्हता. तो कायद्याने आला मे २०२५मध्ये. दीडशे वर्षे राज्यसंस्था आपल्या नागरिकांची नावे नुसती डोळ्यांनी पाहत होती.

खिडकीतून दिसलेले शेत

एक लोकप्रिय गोष्ट सांगितली जाते. मेइजी काळापूर्वी शेतकऱ्यांना आडनावेच नव्हती. सरकारने ती घ्यायला लावली तेव्हा प्रत्येकाने खिडकीबाहेर पाहिले आणि जे दिसले ते लिहून दिले. शेत दिसले तो तानाका, डोंगर दिसला तो यामामोतो. ही गोष्ट मीही अनेकदा रंगवून सांगितली आहे. ती फार तर अर्धी खरी आहे.

तोकुगावा राजवटीत आडनाव जाहीरपणे लावणे आणि तलवार बाळगणे हे मुख्यतः सामुराईंचे मान होते. पण ‘लावता येत नव्हते’ आणि ‘नव्हते’ यांत फरक आहे. गावोगावच्या देवळांच्या वर्गणीयाद्यांत आणि थडग्यांवर शेतकऱ्यांची आडनावे आढळतात. सरकारी कागदावर नुसता ‘तारोबेए’ असलेला माणूस गावात आपले घरनाव बाळगून होता. १८७०मध्ये सामान्यांना आडनाव लावण्याची परवानगी मिळाली. १८७२मध्ये देशव्यापी कोसेकी तयार झाली, १८७३मध्ये सक्तीची लष्करभरती आली आणि १८७५मध्ये आडनाव सक्तीचे झाले. या सक्तीमागे लष्करखात्याचा आग्रह होता. सैन्यात घ्यायचे तर माणूस हुडकता आला पाहिजे. ज्यांना खरोखरच आडनाव नव्हते त्यांनी तेव्हा घाईने काहीतरी घेतलेही असेल. पण माझ्या वहीतली निसर्गकविता ठरलेल्या मुदतीत दप्तरात दाखल झाली, ती या कारणाने.

ज्यांना नाव दिले गेले

वहीतल्या ‘माएदा : पुढचे शेत’ या नोंदीला ओकिनावात वेगळाच फाटा फुटतो. १६०९मध्ये सात्सुमाच्या सरदारांनी र्‍युक्यूचे राज्य जिंकले. त्यांना तिथला चीनशी चालणारा व्यापार हवा होता, म्हणून र्‍युक्यू परके दिसणे सोयीचे होते. १६२४मध्ये त्यांनी तिथल्या लोकांना जपानी वळणाची आडनावे लिहिण्यास मनाई केली. दोन अक्षरी माएदा मग तीन वेगळ्या अक्षरांत लिहिला जाऊ लागला. उच्चार जवळपास तोच, शेतही तेच. फक्त पाहणाऱ्याला हा माणूस आपला नव्हे हे कळावे.

उत्तरेला, होक्काइदोत, उलटे घडले. तिथल्या ऐनू लोकांना जपानी करायचे होते. ऐनूंमध्ये आडनावाची प्रथा नव्हती. मेइजी सरकारने त्यांना कोसेकीत घातले आणि १८७६मध्ये जपानी पद्धतीची आडनावे लावण्याचा हुकूम काढला. सारू नदीकाठच्या निबुतानी परिसरात अधिकाऱ्यांनी वस्तीवार नावे वाटली. पिपाउशी, म्हणजे ऐनू भाषेत ‘शिंपले विपुल असलेली जागा’. तिथल्या लोकांना नाव मिळाले काइझावा, ‘शिंपल्यांचा ओढा’. निबुतानीच्या लोकांना नितानी, ‘दोन दऱ्या’. मुळात निबुतानी हेच ‘दोन’, ‘वारा’ आणि ‘दरी’ या उच्चारापुरत्या घेतलेल्या अक्षरांत लिहितात. ऐनू नावाच्या अर्थाशी त्यांचा संबंध नाही. आडनाव करताना त्यातला वाराही गाळला.

काइझावा या नावाला मात्र पुढची कथा आहे. सारू नदीवर निबुतानी धरण बांधायचे ठरले, तेव्हा ज्यांची जमीन सक्तीने घेतली त्यांपैकी कायानो शिगेरु आणि काइझावा कोइची यांनी न्यायालयात दाद मागितली. २७ मार्च १९९७ रोजी साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने ऐनू हे मूळनिवासी असल्याचे मान्य केले; जपानी न्यायालयाने असे म्हणण्याची ती पहिली वेळ. जमीन घेणे बेकायदा ठरले. पण धरण बांधून झाले होते, म्हणून ते राहिले. ज्या नदीच्या शिंपल्यांवरून सरकारने नाव दिले, तीच नदी सरकारने अडवली. ‘काइझावा : शिंपल्यांचा ओढा’ ही टीप अक्षराने अचूक आहे. पण ती वाचून वाचकाला काय कळेल?

‘कानेदा : सोन्याचे शेत’ हीही माझ्या वहीतली एक देखणी नोंद. कोरिया जपानच्या ताब्यात असताना १९४०मध्ये कोरियन लोकांना जपानी पद्धतीची घरनावे घ्यायला लावली. कागदावर नाव निवडण्याची मोकळीक होती, प्रत्यक्षात दडपण. किम हे नाव सोन्याच्या अक्षराने लिहितात. अनेक किमांनी त्याला ‘शेत’ जोडले आणि ते कानेदा झाले. युद्धानंतर जपानातच राहिलेल्या अनेक कोरियन कुटुंबांनी भेदभाव टाळायला अशी नावे चालू ठेवली. सगळेच कानेदा कोरियन नव्हेत. पण कथेत एखादा कानेदा आला, तर त्या शेतात कोणी लपले आहे का, हे अनुवादकाने आधी पाहिले पाहिजे.

बायकोचे आडनाव आणि २५३१ साल

नाव काढून घेण्याचा प्रकार घराघरांतही आहे. १८७६च्या सरकारी आदेशानुसार विवाहित स्त्रीने माहेरचेच आडनाव लावायचे होते. नवराबायकोचे आडनाव एक असावे हा नियम आला १८९८च्या नागरी कायद्याने. म्हणजे ज्याला आज जपानची प्राचीन परंपरा म्हणून जपले जाते, ते रेल्वेपेक्षाही तरुण आहे. सध्याच्या कायद्यात दोघांपैकी कोणाचेही एक आडनाव निवडता येते. सुमारे ९५ टक्के जोडपी नवऱ्याचे निवडतात. २०१५ आणि २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनेशी सुसंगत ठरवला. तोहोकु विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ योशिदा हिरोशी यांनी २०२४मध्ये गणित मांडले, की नियम असाच राहिला तर २५३१मध्ये प्रत्येक जपानी माणूस सातो असेल. हे भाकीत नसून बोट दाखवणे आहे, पण बोट योग्य जागी आहे.

मराठी वाचकाला इथे एक प्रश्न पडेल, मलाही पडला : या आडनावांतून जात कळते का? आपल्याकडे आडनाव सांगितले की समोरचा मनातल्या मनात हिशेब करतो. जपानात, पूर्वी अस्पृश्य मानलेल्या बुराकु समाजाबाबत, तो हिशेब आडनावावरून सहसा होत नाही. तो पत्त्यावरून होतो. १९७५मध्ये उघडकीस आले, की बुराकु वस्त्यांच्या ठिकाणांच्या याद्या गुपचूप छापून विकल्या जात होत्या आणि २००हून अधिक कंपन्यांनी, नोकरीला येणारा कुठला हे पाहण्यासाठी, त्या विकत घेतल्या होत्या. आडनाव मुके असले, तरी बोलणारी नोंदवही कुठेतरी असतेच.

अनुवाद आता छापायला गेला आहे. त्यात आडनावांच्या तळटिपा नाहीत. संपादक थोडे नाराज झाले, पण त्यांनी ऐकले. तानाका नुसता तानाका आहे. जपानी वाचकालाही ते नाव वाचताना शेत दिसत नाही, जसे कुलकर्णी म्हणताना आपल्याला गावचे दप्तर दिसत नाही. एका कथेतल्या काइझावाबद्दल मात्र मी प्रस्तावनेत दीड पान लिहिले आहे. वहीतल्या त्याच्या नावापुढे ‘शिंपल्यांचा ओढा’ हे शब्द होते तसेच ठेवले आणि त्याखाली पेन्सिलीने ‘पिपाउशी’ असे लिहून ठेवले.