‘द वुमन्स बायबल’ : भाष्य की फिर्याद?

एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी सहकारी स्त्रियांसह सिद्ध केलेला हा ग्रंथ (भाग १ला १८९५, भाग २रा १८९८) आम्ही भाष्य म्हणून हाती घेतला. परंतु वाचला तो फिर्याद म्हणून, आणि त्याचे खरे मोल तेथेच आहे.

फिर्यादीस कारण होते. त्या काळच्या अमेरिकेत, इंग्लंडहून आलेल्या कायद्यानुसार, विवाहित स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात लोप पावे. तिची मजुरीदेखील तिची नसे. १८४८ साली सेनेका फॉल्सच्या सभेत स्टँटनबाईंनी मताधिकार मागितला. अशा मागणीस उत्तर म्हणून उपदेशपीठावरून उत्पत्तीचा तिसरा अध्याय आणि पौलाची वचने पुढे केली जात.

दोष उघड आहेत. ज्यू लोकांविषयीचे काही उद्गार तर निंद्यच होत. परंतु मुख्य दोष पद्धतीचा आहे. स्त्रियांसंबंधीचे उतारे तेवढे निवडून काढून त्यांवर टीका करावयाची, म्हणजे प्रतिपक्षाचीच कात्री हाती घ्यावयाची. अर्थात इफिस ५:२१ गाळून २२व्या वचनापासून वाचण्याची सवय आपल्याही उपदेशपीठास अगदीच अपरिचित नाही!

गणना २७ वरील विवेचन मात्र प्रत्येक पाळकाने वाचावे. सलाफहादाच्या पाच कन्या मोशेपुढे उभ्या राहून पित्याचे वतन मागतात, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे असा निर्णय परमेश्वर देतो. त्या कन्यांना मिळालेला मान आजच्या राज्यकर्त्यांनी गिरवावा, असे लेखिका म्हणते. शास्त्रात हक्काचा असा पुरावा सापडताच तिची लेखणी कशी मोकळी होते ते पाहण्यासारखे आहे.

या मंडळाने जूलिया स्मिथ यांचे भाषांतर आधारास घेतले होते. ग्लास्टनबरीच्या या बाईंनी एकटीने मूळ भाषांतून केलेले बायबल १८७६ साली स्वखर्चाने छापले. मत नाही तर कर नाही, असे म्हणणाऱ्या या भगिनींच्या गाई गावाने लिलावात काढल्या होत्या. (आपल्या पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेले मराठी बायबल केडगावी छापले गेले ते १९२४ साली.)

ग्रंथास पहिला मोठा तडाखा स्वकीयांनीच दिला. जानेवारी १८९६ मध्ये राष्ट्रीय स्त्री-मताधिकार संघटनेने ५३ विरुद्ध ४१ मतांनी त्याच्याशी आपला संबंध नाही असे जाहीर केले. सुसान अँथनी यांना ग्रंथ पसंत नव्हता, तरी त्यांनी ठरावास कसून विरोध केला. बहुमतास चर्चमधील पाठबळ गमावण्याची धास्ती होती. ती निराधार होती असे आम्हांस म्हणवत नाही. स्त्रियांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती १९२० साली संमत झाली. स्टँटनबाई १९०२ सालीच निवर्तल्या होत्या.