‘श्यामची आई’ : कथनाची रीत आणि अश्रूंचा आक्षेप

मराठी बालवाङ्मयाचा विचार करताना साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकाजवळ समीक्षक थबकतो, आणि बहुधा दोहोंपैकी एका टोकास जातो. एक तर तो भक्तिभावाने हात जोडतो, नाही तर हे वाङ्मय हळवे व अश्रुप्रधान आहे असा शेरा मारून पुढे सरकतो. या दोन्ही वृत्तींत पुस्तकाची रचना पाहावयाची राहून जाते. गुरुजींचे जीवन आणि या पुस्तकाची घडण यांचा संबंध लक्षात घेतल्यास हळवेपणाच्या आक्षेपाची मर्यादा अधिक नेमकी ठरविता येईल.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड येथे झाला. १९१७ साली मातृवियोग घडला. पुढे १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात त्यांनी अध्यापन केले आणि तेथील छात्रालयाचा भारही वाहिला. विद्यार्थ्यांसाठी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिक त्यांनी चालविले. १९३० साली नोकरीचा त्याग करून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती लिहून घेण्याचे काम गुरुजींनी केले. त्यानंतर वर्षभरातच, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’चा फार मोठा भाग लिहून झाला.

हा क्रम केवळ चरित्राच्या तपशिलाचा नाही. छात्रालयात मुलांना जवळ घेऊन बोलणारा शिक्षक आणि प्रवचन ऐकता ऐकता उतरवून घेणारा लेखनिक, या दोन्ही भूमिका पुस्तकाच्या रूपातच उतरल्या आहेत. त्याची विभागणी प्रकरणांत केलेली नसून बेचाळीस रात्रींत केलेली आहे. आश्रमात सायंप्रार्थना झाल्यावर श्याम सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, सोबती मध्येच प्रश्न विचारतात, गावातील माणसेही ऐकावयास येतात. म्हणजे हे लिखाण असूनही त्याची प्रकृती बोलण्याची आहे. कीर्तनात आख्यानापूर्वी निरूपण येते. येथेही पुष्कळ रात्रींच्या आरंभी तसे थोडे निरूपण येते आणि मग प्रसंग उलगडतो. कादंबरीची मोजपट्टी लावणाऱ्यास ही पुनरुक्ती वाटते. ऐकणाऱ्यास मात्र ती बैठकीची स्वाभाविक लय वाटते.

या रीतीचे सामर्थ्य कोठे आहे, हे ‘अळणी भाजी’ या रात्रीवरून स्पष्ट व्हावे. भाजीत मीठ घालावयाचे राहून जाते. वडील एक शब्द न बोलता जेवतात, मुलेही त्यांचे पाहून जेवतात. आई शेवटी स्वतः जेवावयास बसते तेव्हा तिला चूक कळते आणि ती हळहळते. प्रसंग एवढाच. यात मोठा त्याग नाही, संकट नाही. स्वयंपाकघरातील एक चूक आहे आणि दुसऱ्याच्या श्रमाचा मान राखणारे मौन आहे. ‘मुकी फुले’ या रात्रीतही असेच घडते. इतरांच्या आधी फुले मिळावीत म्हणून मुले कळ्याच तोडून आणतात, आणि आई कळीला झाडावरच उमलू द्यावे असे समजावते. बालकाच्या जगात जेवढ्या गोष्टी मावतात तेवढ्यांतूनच नीती उभी केली आहे.

ही आई नुसती मृदू आहे, हा समजही पुस्तक टिकू देत नाही. पोहण्याच्या भीतीने लपून बसणाऱ्या श्यामला ती छडीचा प्रसाद देऊन विहिरीकडे धाडते. तिच्या प्रेमात कठोरपणाचा अंश आहे आणि श्यामच्या आठवणीत तो लपविलेला नाही. आक्षेपकांचे लक्ष या प्रसंगांकडे क्वचितच जाते.

मग अश्रू येतात कोठून? पुस्तकाचा उत्तरार्ध पाहिल्यास याचे उत्तर सापडते. बाळपणीच्या खोड्या मागे पडतात आणि कर्ज हा विषय कथेचा ताबा घेतो. सावकाराचा तगादा, घरावरील जप्ती, गावात पिटली जाणारी दवंडी, तेल असेल तर मीठ नाही अशी घरची स्थिती, आईचे दुखणे, आणि श्याम घरी पोचण्यापूर्वीच झालेला तिचा अंत, अशी ही उतरती परंपरा आहे. कोकणातील एका खोताच्या घराण्याची ही मोडतोड मराठी मुलांच्या पुस्तकात इतक्या उघडपणे येणे ही असाधारण गोष्ट होती. येथील दुःखाला स्पष्ट आर्थिक कारण आहे; ते लेखकाच्या लहरीतून उपजलेले नाही.

तथापि आक्षेप सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. प्रसंग स्वतःच बोलत असताना प्रौढ श्याम त्यावर पुन्हा बोलतो, संबोधनांची माळ लावतो, आणि श्रोत्याच्या डोळ्यांत पाणी येण्याआधीच स्वतः सद्गदित होतो. प्रसंगातील अश्रू आणि निवेदकाचे अश्रू यांत भेद केला पाहिजे. पहिले कथेने मिळविलेले असतात. दुसरे पुष्कळदा आगाऊ उचल घेतल्यासारखे वाटतात. पुस्तकाचे खरे न्यून येथे आहे.

दुसरे एक स्थळ अधिक विचारास प्रवृत्त करते. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्री एका वृद्ध महार स्त्रीची मोळी उचलून देण्यास आई श्यामला सांगते. परंतु परत आल्यावर त्याने स्नान करावे, हेही तीच सांगते. येथे करुणा रूढीच्या उंबरठ्यापर्यंत येते, उंबरठा ओलांडीत नाही. आईला आधुनिक सुधारक बनविण्याचा मोह लेखकाने टाळला, हा त्याचा प्रामाणिकपणा होय. ज्या उंबरठ्यावर आई थांबली तो ओलांडण्यासाठी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून मुलाने प्राण पणास लावून उपोषण केले. पुस्तक आणि जीवन यांतील हे अंतर मोजल्याखेरीज गुरुजींच्या मातृभक्तीचा अर्थ पुरता लागत नाही. त्या भक्तीत आंधळी शरणागती नव्हती. आईने दिलेली शिकवण तिने स्वतः गाठलेल्या जागेपुढे नेण्याचे बळ तिच्यात होते.

गुरुजींनी पुढे विपुल लिहिले. जॉर्ज एलियटच्या ‘सायलस मार्नर’वरून ‘मनूबाबा’सारखी रूपांतरे मुलांसाठी केली, १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांच्या जीवनाचा शोकान्त शेवट झाला. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’वर काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले. या यशाने पुस्तकाची ख्याती वाढली, पण ते मुख्यतः डोळे पाणावण्यासाठी आहे ही समजूतही बहुधा त्यामुळेच दृढ झाली.

साने गुरुजींच्या पश्चात मराठी बालवाङ्मय साहस, विनोद, विज्ञान अशा दिशांनी पसरले, ते इष्टच झाले. मात्र घरातील दारिद्र्य, कर्ज आणि मृत्यू यांविषयी मुलांशी खरे बोलावे, आणि ते समोर बसवून बोलावे, हा या पुस्तकाचा धडा त्या विस्तारात मागे पडला. ‘श्यामची आई’चे मूल्यमापन करताना वाचक किती रडतो हे मोजण्यापेक्षा मुलाला किती सत्य सांगितले आहे हे मोजणे अधिक न्याय्य होईल. त्या मोजमापात निवेदकाचा हळवेपणा दोष म्हणून नोंदवूनही हे पुस्तक आपल्या स्थानावरून ढळत नाही.