चौथी मिती : दर्शन आणि खूण

मराठी समीक्षेत ‘चौथी मिती’ हा शब्दप्रयोग बहुधा काळाच्या अर्थाने येतो. चौलविषयी लिहिताना तर तो सहज सुचतो. अरब प्रवाशांचे सैमूर, १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला रेवदंड्याचा कोट, १७४० मध्ये मराठ्यांकडे आलेला त्याचा ताबा, हे सारे एकाच भूमीवर पाहणाऱ्यास आपण काळाची मिती पाहत आहोत, असे वाटते. वस्तुतः तो पाहत असतो ते तीन मितींतील अवशेष. काळ तो अनुमानाने जाणतो.

याच सैल वापरामुळे जयंत नारळीकरांच्या (१९३८–२०२५) ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेवर अन्याय होतो. या कथेतील प्रश्न काळाचा नसून दिशेचा आहे. चौलच्या किनाऱ्यावर डाव्या पावलाचा ठसा उमटला, तर तो वाळूच्या प्रतलात कितीही फिरवला तरी उजव्या पावलाचा होणार नाही. त्याच आकाराचा कागद कापून उचलला आणि उलटा ठेवला, की तो उजवा होतो. येथे तिसरी मिती उपयोगी पडते. याच न्यायाने घन वस्तूचे डावेउजवे पालटण्यास चौथी अवकाशमिती हवी, हे मोबियसने १८२७ मध्येच नोंदवले होते. वेल्सनेही दोन्ही कल्पना वेगळ्या राखल्या: १८९५ च्या ‘टाइम मशीन’मध्ये काळ, तर १८९६ च्या ‘प्लॅटनर स्टोरी’मध्ये देहाची डावीउजवी अदलाबदल.

नारळीकर मोबियस पट्टीचा आधार घेतात. पट्टीचा पीळ पट्टीवरील आकृतीस कोठेच जाणवत नाही. फेरी पूर्ण करून परतल्यावर झालेला पालट तेवढा उरतो. म्हणजे चौथ्या मितीचे दर्शन घडत नाही, तिची खूण मात्र ओळखता येते. कथेत ही खूण म्हणजे सोंड. उजव्या सोंडेचा गणपती कडक, सोवळ्याचा, दुर्मीळ, असा संस्कार ज्या वाचकावर आहे, त्याला भूमितीतील निव्वळ दिशाभेद प्रथमच अर्थपूर्ण वाटतो. इंग्रजी कथेतील उलटलेल्या देहाने केवळ विस्मय वाटतो. येथे श्रद्धेच्या वर्गीकरणालाच धक्का बसतो. ज्या लक्षणावरून मूर्तीचे माहात्म्य ठरते, ते लक्षण केवळ प्रवासमार्गाचे फलित असू शकते.

या शक्यतेचा श्रद्धेच्या अंगाने अधिक खोल विचार कथेला करता आला असता. यंत्रणेचा उलगडा होताच तिचे कुतूहल शमते, ही तिची मर्यादा होय. परंतु तिला ‘चमत्कृतिप्रधान’ म्हणून बाजूस सारणे अयोग्य ठरेल. जे प्रतिमेत आणता येत नाही, त्याचा प्रत्यय परिणामातून देणे हे वाङ्मयाचे जुनेच कार्य आहे. समीक्षेने प्रथम एवढे करावे: काळाला काळ म्हणावे, आणि मिती हा शब्द जेथे खरोखर वळण्यास जागा आहे तेथेच वापरावा.