कायद्यापुढचा म्हातारा : नाना पळशीकरांच्या चार भूमिका

हिंदी चित्रपटांवर मराठीत जे लिहिलं गेलं, त्यात नायक-नायिका, संगीतकार आणि दिग्दर्शक यांचा वाटा मोठा आहे. चरित्र अभिनेत्याच्या वाट्याला बहुधा एक ठरलेलं वाक्य येतं : 'छोट्या भूमिकेतही ते लक्षात राहतात.' नाना पळशीकर यांच्याविषयी हे वाक्य अनेकदा वाचल्यावर, ते नेमके कशामुळे लक्षात राहतात हे शोधावं असं मला वाटलं. त्यांना सहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर पारितोषिक दोनदा मिळालं : १९६२ साली 'कानून'साठी आणि १९६५ साली 'शहर और सपना'साठी. कृश अंगकाठी, आत गेलेले गाल, बारीक आवाज. या देहाला हिंदी चित्रपटसृष्टीने 'गरीब म्हातारा' असं नाव दिलं आणि वर्षानुवर्षं तेच काम दिलं. तो गरीब होता हे खरं. पण तेवढ्याने त्याचं वर्णन पुरं होत नाही.

'दो बीघा जमीन' (१९५३), 'कानून' (१९६०), 'आक्रोश' (१९८०) आणि 'गांधी' (१९८२) हे चार चित्रपट मी लागोपाठ पाहिले, तेव्हा त्यांच्यातला एक समान धागा दिसला. चारही ठिकाणी पळशीकरांचा माणूस कायद्यापुढे उभा आहे. कधी सावकारी खातेवहीपुढे, कधी आरोपीच्या पिंजऱ्यात, कधी मुलगा तुरुंगात असताना झोपडीत, कधी नीळवाल्या मळेवाल्यांच्या कुळात. या माणसाला कायद्याची भाषा येत नाही. ती येत नसताना चेहऱ्याने आणि अंगाने काय करायचं, हा त्यांच्या अभिनयाचा खरा विषय आहे, असं माझं म्हणणं आहे.

'दो बीघा जमीन'ची गोष्ट वाचकांना ठाऊक आहे. जमीनदाराला गिरणीसाठी जमीन द्यायची आहे आणि मधोमध शंभूची दोन बिघे येतात. शंभू नाही म्हणतो. लगेच कर्जाची मागणी होते. घरातलं किडूकमिडूक विकून तो पासष्ट रुपये जमवतो, तर वहीत दोनशे पस्तीस निघतात. कागदावर अंगठा आहे, म्हणून कोर्टही कागदाच्या बाजूने. तीन महिन्यांची मुदत मिळते आणि शंभू कलकत्त्याला रिक्षा ओढायला जातो. बलराज साहनींचा शंभू हा चित्रपटाचा कणा आहे, यात वाद नाही. पळशीकर त्याचे वडील आहेत. शंभू पळू शकतो, राबू शकतो, शहर गाठू शकतो. बापाला यातलं काहीच करता येत नाही. त्याला फक्त जमिनीपाशी राहता येतं. बिमल रॉय यांनी या दोघांत कथेची विभागणी केली आहे : कर्ज फेडण्याची धडपड मुलाकडे आणि जमीन जाण्याची भीती बापाकडे. ही भीती पळशीकर आवाज चढवून दाखवत नाहीत. ती त्यांच्या पाठीच्या बाकात आणि उकिडवं बसण्यात आहे.

हा चित्रपट आला तेव्हा आमचा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि मालगुजारी संपून दोनच वर्षं झाली होती. मालगुजार गेले; त्यांच्या काळातले तलाव 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने अजून धानाला पाणी देतात. जमीनदाराचा वाडा, दिवाणजी आणि वही हे इथल्या जुन्या माणसांना पडद्यावर पाहून कळण्यासारखं नव्हतं. ते त्यांना आधीच माहीत होतं. पुढे १९८८ साली वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं आणि जमीन जाणं हा शब्दप्रयोग पुन्हा नव्या अर्थाने घराघरांत आला. या धरणामुळे नव्या जागी वसलेल्या एका गावात मी काही वर्षांपूर्वी समाजमंदिराच्या भिंतीवर हा चित्रपट दाखवला. शंभूच्या रिक्षाच्या शर्यतीला पोरं ओरडली. मागच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ मात्र नंतर मला म्हणाले, ''हा बुडा बसते तं आमच्याचसारखा.'' नटाचं काम ओळखण्यासाठी याहून चांगली कसोटी मला माहीत नाही. बसणं हे शेतकऱ्याच्या अंगात वर्षानुवर्षांच्या कामातून येतं. ते नकलेत आलं, तर पहिल्याच क्षणी उघडं पडतं.

इथे झाडीपट्टीचा उल्लेख करायला हवा, कारण माझा कान त्या नाटकांवर तयार झाला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत धान निघालं की मंडई भरते आणि रात्र रात्र नाटकं चालतात. तिथे म्हाताऱ्या बापाची भूमिका म्हणजे मोठं काम. मुलगा घर सोडून निघतो, बाप हंबरडा फोडतो आणि शेवटच्या रांगेतली बाई पदर डोळ्याला लावते. ते तसंच असायला हवं. उघड्या मंडपात हजारो माणसांपर्यंत पोचायचं असतं. हिंदी चित्रपटातले बरेच बापही याच घराण्यातले आहेत. नजीर हुसैन यांचा बाप रडून दुःख सांगतो. ए. के. हंगल यांचा म्हातारा रडत नाही, पण त्याच्या शब्दाला वजन असतं. 'शोले'मधले इमामसाहेब बोलतात तेव्हा गाव गप्प होऊन ऐकतं. पळशीकरांच्या म्हाताऱ्याकडे यातलं काही नाही. त्याच्या शब्दाला कोणी किंमत देणार नाही, हे त्याला आधीच कळलेलं असतं. म्हणून तो हळू बोलतो, अर्धं बोलतो, आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत बोलतो.

'कानून'मधला कालिया हा या चौघांतला एकटा असा, जो प्रत्यक्ष आरोपी आहे. बी. आर. चोप्रांचा हा चित्रपट एकाही गाण्याशिवाय केलेला, फाशीच्या शिक्षेवर वाद घालणारा. सावकार धनीरामचा खून होतो, आणि त्याच रात्री चोरीच्या इराद्याने घरात शिरलेला कालिया पकडला जातो. कैलाश या वकिलाच्या मते खून ज्याने केला, तो खुद्द न्यायाधीश बद्रीप्रसाद आहे. राजेंद्रकुमार आणि अशोककुमार यांच्यातला हा पेच चित्रपट चालवतो. कालिया त्यात एका परीने मुद्दा म्हणूनच ठेवलेला आहे : निर्दोष माणूस फासावर जाऊ शकतो, याचं उदाहरण.

पळशीकरांनी त्याला उदाहरण राहू दिलं नाही. कालिया सज्जन नाही. तो चोरी करायलाच आला होता. म्हणजे 'मी निर्दोष आहे' हे वाक्य त्याच्या तोंडी पुरतं खरं नाही आणि पुरतं खोटंही नाही. खून केला नाही हे सांगताना चोरी कबूल करावी लागते. हा गुंता त्यांनी अंगातून दाखवला आहे : आरोप नाकारतानाही हा माणूस ताठ उभा राहत नाही. आयुष्यभर पोलिसांपुढे वाकलेली पाठ एका खऱ्या वाक्यासाठी सरळ होत नाही. काही जागी दिग्दर्शकाला त्यांच्याकडून प्रेक्षकाची दया हवी आहे, आणि तिथे ते थोडे नाटकी होतात, हेही नोंदवायला हवं. पारितोषिक मिळालं ते कदाचित याच जागांसाठी. माझ्या मते भूमिकेचं मोल त्या जागा सोडून उरलेल्या भागात आहे.

चित्रपटाच्या शेवटाविषयी मात्र माझी तक्रार आहे. खुनी निघतो तो न्यायाधीशासारखा दिसणारा दुसराच माणूस. बद्रीप्रसाद निष्कलंक ठरतात आणि न्यायासनही. रहस्यपट म्हणून हा उलगडा चतुर आहे, पण मूळ प्रश्न तो गुंडाळून ठेवतो. चेहऱ्यांचं साम्य उघड झालं नसतं, तर काय झालं असतं? ज्याच्या बाजूने कोणी हुशार वकील उभा राहिला नाही, अशा कालियाचं काय? पटकथेने हे विचारणं सोडून दिलं आहे. तो प्रश्न शिल्लक राहतो तो केवळ पळशीकरांच्या चेहऱ्यामुळे.

तीनच वर्षांनी ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांना 'शहर और सपना'त घेतलं. मुंबईत जागा नाही म्हणून सांडपाण्याच्या मोठ्या पाइपात संसार मांडणाऱ्या जोडप्याची ही गोष्ट. तिला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. शंभू गाव सोडून जिथे पोचला, त्याच फुटपाथच्या जगात आता पळशीकर आले. धंदेवाईक चित्रपटाने त्यांना ठरावीक साच्यात बसवलं असलं, तरी बिमल रॉय आणि अब्बास यांच्यासारख्या लोकांनी त्यांना पुन्हा पुन्हा बोलावलं, ते याच जगासाठी. परदेशी दिग्दर्शकांनाही हा चेहरा दिसला होता. जेम्स आयव्हरी यांच्या 'द गुरू' (१९६९) मध्ये उत्पल दत्त उस्ताद आहेत आणि पळशीकर त्या गुरूचे गुरू.

गोविंद निहलानी यांच्या 'आक्रोश'पर्यंत येताना सत्तावीस वर्षं उलटली होती. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या या चित्रपटात लहान्या भिकू या आदिवासीवर बायकोच्या खुनाचा आरोप आहे. खरे गुन्हेगार गावातली प्रतिष्ठित मंडळी आहेत. भिकू वकिलाशी एक शब्द बोलत नाही. ओम पुरींच्या या मौनावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण मौन एकट्या भिकूचं नाही, ते घराचं आहे. झोपडीत म्हातारा बाप आहे, बहीण आहे, तान्हं मूल आहे. हा बाप म्हणजे नाना पळशीकर. 'दो बीघा'मधला बाप अजून आशेवर होता. मुलगा पैसे आणील आणि तीन महिन्यांत सारं ठीक होईल, असा एक हिशेब तरी त्याच्यापुढे होता. 'आक्रोश'मधल्या बापाकडे कसलाच हिशेब नाही. भास्कर कुलकर्णी हा वकील मदत करायला आला आहे, हे त्याला समजावून सांगण्यात अर्थ नाही, कारण पांढरपेशा माणूस दारात येणं याचा अर्थ त्याने आयुष्यात एकाच प्रकारे अनुभवला आहे. पळशीकर इथे जवळजवळ काहीच करत नाहीत, आणि ते काहीच न करणं पाहवत नाही. या बापाच्या मरणावर चित्रपटाचा शेवट उभा आहे. बेड्या घालून आणलेला भिकू बापाच्या चितेपाशी कुऱ्हाड उचलतो, बहिणीला मारतो आणि पहिल्यांदा ओरडतो. बाप होता तोवर त्या मौनाला एक घर होतं. तो गेल्यावर बहिणीचं पुढे काय होणार, हे भिकूला दिसतं.

भंडाऱ्यात राहून 'आक्रोश' आता निव्वळ चित्रपट म्हणून पाहता येत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी आमच्या मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तिचं पंचवीस वर्षांच्या कारावासात रूपांतर केलं. अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र या प्रकरणाला लागू होत नाही, असं दोन्ही न्यायालयांनी म्हटलं. त्या घरातला एकटा वाचलेला माणूस बाप होता. दहा वर्षं तो कोर्टाकडे पाहत राहिला आणि २०१७ साली वारला. चित्रपट आणि वास्तव यांची बेरीज करण्याचा माझा हेतू नाही. तसं करणं त्या कुटुंबावर अन्याय होईल. एवढंच म्हणतो, की निकाल ऐकणाऱ्या बापाचा चेहरा कसा असतो, हे मला आधी पळशीकरांनी दाखवलं होतं, आणि म्हणून वर्तमानपत्रातला तो फोटो मला नुसता चाळून पुढे जाता आलं नाही. चरित्र अभिनेत्याची किंमत काय, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर हे आहे.

रिचर्ड अॅटनबरो यांच्या 'गांधी'त मराठी रंगभूमीचे मोठे नट आहेत. डॉ. श्रीराम लागू तिथे गोपाळ कृष्ण गोखले झाले. पळशीकरांच्या वाट्याला आला एक गावकरी. व्यक्तिरेखेला नावसुद्धा नाही. चंपारण्यातल्या कुळांना बिघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावावीच लागे. तिला 'तीनकठिया' म्हणत. कृत्रिम रंग आल्यावर निळीचा भाव पडला, आणि मळेवाल्यांनी तो तोटा कुळांवर लादला. १९१७ साली गांधी तिथे गेले, आणि पुढच्या वर्षी ही पद्धत कायद्याने बंद झाली. म्हणजे या चार भूमिकांत ही एकच अशी, जिथे म्हाताऱ्याचं म्हणणं कोणीतरी लिहून घेतलं आणि कायदा बदलला. कारकिर्दीच्या अखेरीस त्यांना ऐकणारा माणूस मिळाला, तोही इतिहासातला.

या चौघांची ओळख कशी राहते पाहा : शंभूचा बाप, भिकूचा बाप, गावकरी. स्वतःचं नाव घेऊन वावरतो तो एकटा कालिया, आणि ते नाव पोलिसांच्या नोंदीतलं. सातबाऱ्यावर, आरोपपत्रावर किंवा पुनर्वसनाच्या यादीत नाव येणं आणि माणूस म्हणून ओळखलं जाणं यांत जे अंतर आहे, ते नाना पळशीकरांनी तीस वर्षं, मिळेल तेवढ्या जागेत, दाखवलं. जागा कमी होती याबद्दल हिंदी चित्रपटसृष्टीला दोष देता येईल. आपण मराठी लेखकांनी त्या जागेकडे नीट पाहिलं नाही, याचा दोष मात्र आपल्याकडेच येतो. त्यांच्या भूमिकांची साधार सूची करणं, उपलब्ध प्रतींवरून त्या एकेक पाहणं आणि 'लक्षात राहतात' या वाक्याच्या पुढे जाणं, हे काम अजून करता येण्यासारखं आहे.