एका उपग्रहाला अख्खं वलय मोजता येतं का?

रिंग करंटवर काम करायचं म्हटलं की हॅमिल्टन आणि सहकाऱ्यांचा १९८८ चा पेपर वाचावाच लागतो. फेब्रुवारी १९८६ मध्ये एक प्रचंड भूचुंबकीय वादळ झालं, त्यावरचा. पहिल्या वर्षी मी तो भारावून वाचला आणि प्रपोजलमध्ये लिहून टाकलं, "ऑक्सिजन आयन झपाट्याने नष्ट झाल्यामुळे वादळ ओसरले." गाईडनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, "यातलं मोजलेलं किती आणि मानलेलं किती?" मला सांगता येईना. म्हणून तोच पेपर पुन्हा उघडला.

पार्श्वभूमी थोडक्यात. वादळात पृथ्वीभोवती काही पृथ्वीत्रिज्यांच्या अंतरावर आयन पश्चिमेकडे आणि इलेक्ट्रॉन पूर्वेकडे वाहू लागतात. या प्रवाहामुळे जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र किंचित घटतं. विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या चार वेधशाळांच्या नोंदींवरून या घटीचा जो आकडा काढतात, तो डीएसटी. (मिनिटामिनिटाचा त्याचा भाऊ सिम-एच काढताना आपल्या अलिबागचीही नोंद वापरली जाते.) डेसलर, पार्कर आणि स्कोप्के यांच्या सूत्रानुसार ही घट आणि कणांची एकूण ऊर्जा समप्रमाणात असतात. ढोबळमानाने १ नॅनोटेस्ला म्हणजे ४ × १०^१३ ज्यूल.

आता पेपरचं मोठेपण. १९८४ मध्ये एएमपीटीई-सीसीई उपग्रह जाईपर्यंत, रिंग करंटची बहुतेक ऊर्जा ज्या पट्ट्यात असते त्या दहा-वीस ते काहीशे किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात कुठला आयन किती, हे नीट मोजलंच गेलं नव्हतं. ऊर्जा मोजता येत होती, वस्तुमान ओळखता येत नव्हतं. या उपग्रहावरच्या उपकरणाने दोन्ही केलं. ऐन वादळात ऑक्सिजनने प्रोटॉनला मागे टाकलं, असं त्यात दिसलं. हा ऑक्सिजन सूर्याकडून आलेला नव्हे, आपल्याच आयनांबरातून वर गेलेला. हे निरीक्षण आजही भक्कम आहे. कारण साधं आहे. तो वाटा आहे, एकाच जागी एकाच वेळी मोजलेल्या दोन गोष्टींचं गुणोत्तर.

माझी तक्रार पुढच्या पायरीवर आहे. डीएसटी आधी वेगाने आणि नंतर सावकाश सावरला. पेपर म्हणतो, वेगाचा भाग ऑक्सिजनचा. वर्तमानातल्या हायड्रोजन अणूकडून इलेक्ट्रॉन घेऊन आयन उदासीन होतो आणि निसटतो, यालाच चार्ज एक्स्चेंज म्हणतात. शंभरेक किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर ऑक्सिजनच्या बाबतीत हे प्रोटॉनपेक्षा बरंच लवकर घडतं. (दहाच्या आसपास चित्र उलटं, तिथे प्रोटॉन आधी जातात. परीक्षेत हमखास चुकतं.) भौतिकी चोख आहे. पण हा उपग्रह एका फेरीला जवळपास १६ तास घ्यायचा. वलयातून जाणार एकदा वर चढताना, एकदा खाली उतरताना, आणि तेही दोन वेगळ्या स्थानिक वेळांना. वादळाचा मुख्य टप्पा तर काही तासांत उरकतो. मग दोन फेऱ्यांमध्ये ऊर्जाघनता घटलेली दिसली, तर कण खरंच नष्ट झाले की वलयाचा भरलेला भाग दुसरीकडे होता? एकट्या उपग्रहाला हे सांगता येत नाही. वाटेवर मोजलेली घनता सगळीकडे सारखीच आहे असं धरल्याशिवाय एकूण ऊर्जा निघतच नाही.

आणि मुख्य टप्प्यात ते तसं नसतं. लीमोन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मॉडेलवरून दाखवलं की तेव्हा बहुतांश प्रवाह अपुऱ्या वलयाचा असतो, सायंकाळच्या बाजूला गोळा झालेला. बरेच आयन फेरी पुरीच करत नाहीत, दुपारच्या बाजूने चुंबकावरणाबाहेर निघून जातात. म्हणजे वेगाने सावरायला ऑक्सिजनच हवा असं नाही. कण बाहेर जात राहिले आणि मागून नवे येणं थांबलं, तरी पुरे.

डीएसटीही काही शुद्ध रिंग करंट नव्हे. त्यात चुंबकावरणाच्या सीमेवरचे प्रवाह आहेत, जमिनीत प्रेरित झालेले आहेत, शेपटीतलेही आहेत. फक्त शेपटीचा वाटा टर्नर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये पाव भागाच्या आसपास काढला. दोन्ही बाजूंना अशी ढील असताना आलेख जुळले म्हणून किती आनंद मानायचा?

२०१२ मध्ये व्हॅन ॲलन प्रोब्स गेले. जवळपास एकाच कक्षेत दोन यानं, फेरी सुमारे ९ तासांची. एक पुढे, एक मागे, त्यामुळे तीच जागा लवकर पुन्हा बघता येई. ग्किउलीडू आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्यांच्या मोजमापांवरून दाखवलं की साधारण ८० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टखालचे प्रोटॉन सिम-एचच्या मागोमाग वरखाली होतात, त्यावरचे मात्र आपल्या संथ गतीने चालतात. म्हणजे साठलेल्या ऊर्जेचा एक मोठा हिस्सा डीएसटीच्या चढउतारात उमटतच नाही. पण दोन यानांनीही अख्खं वलय एका वेळी दिसत नाही. त्यांच्या कक्षेचं दूरचं टोक सगळ्या स्थानिक वेळांतून फिरायला दोनेक वर्षं लागायची. उदासीन अणूंच्या प्रतिमा घेणाऱ्या इमेज यानाने (२०००) अख्खं वलय दाखवलं खरं, पण तिथे दृष्टिरेषेवरची बेरीज मिळते. तिच्यातून आयन किती ते काढायला पुन्हा मॉडेल लागतंच.

शेवटी प्रपोजलमधलं वाक्य बदललं. "उपग्रहाच्या मार्गावर, वादळाच्या शिखराजवळ ऊर्जाघनतेत ऑक्सिजनचा वाटा सर्वाधिक होता, वलय सममित मानल्यास त्याच्या ऱ्हासाचा वेग डीएसटीच्या सुरुवातीच्या सावरण्याशी सुसंगत आहे." वाक्य लांबलं, जरा बोजडही झालं. गाईडनी या वेळी 'मानल्यास'भोवती गोल केला आणि शेजारी लिहिलं, "आता हे तपासायचं कसं?" तिसरं प्रकरण तिथून सुरू झालंय.