एकाच नजरेची अनेक कामं : डहाके आणि वऱ्हाडातली बहुकलावंत परंपरा

अनेक कलांत वावरणाऱ्या माणसाला मराठी समीक्षा वेगवेगळ्या खणांत टाकून मोकळी होते. कवितेवर बोलणारा कादंबरीकडे वळत नाही, कादंबरीवर लिहिणारा चित्रांची दखल एका वाक्यात उरकतो. वसंत आबाजी डहाके यांच्याबाबत हे सतत घडत आलं आहे. कवी, कादंबरीकार, नाटककार, समीक्षक, कोशकार आणि चित्रकार अशी त्यांची ओळख करून दिली जाते. पण या सगळ्यांमागे पाहणारा डोळा एकच आहे, हे क्वचितच कोणी तपासून पाहतं.

डहाक्यांचा जन्म ३० मार्च १९४२ चा, बेलोऱ्याचा. प्राध्यापकी करताना मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी शिकवलं आणि पुढे ते अमरावतीत स्थिरावले. ‘मालटेकडीवरून’ या ललित लेखसंग्रहाच्या नावातच अमरावतीची टेकडी आहे. उंचावर उभं राहून खालचं गाव, रस्ते, माणसं न्याहाळावीत, तशी ही जागा त्यांच्या स्वभावाला शोभते. त्यांच्या कवितेतला निवेदकही बहुधा असाच थोडा दूर उभा असतो. भावनेच्या भरात तो वाहून जात नाही. आधी दिसतं ते नोंदवतो आणि अर्थ वाचकावर सोपवतो.

१९७२ साली पुस्तकरूपात आलेल्या ‘योगभ्रष्ट’मध्ये मात्र हे अंतर अजून साधलेलं नव्हतं. त्या दीर्घकवितेत शहर, भय, हिंसा आणि अपराधभाव यांच्या प्रतिमा एकमेकींवर आदळतात. काही ठिकाणी आवाज इतका चढतो की वाचक दमतो. तरीही साठोत्तरी पिढीची अस्वस्थता इतक्या सलग आणि निर्भयपणे मांडणाऱ्या कविता मराठीत थोड्याच. रणजित होस्कोटे आणि मंगेश कुलकर्णी यांच्या इंग्रजी अनुवादामुळे ती १९९२ मध्ये मराठीबाहेरही पोचली. ‘योगभ्रष्ट’नंतरच्या ‘शुभवर्तमान’ (१९८७) आणि ‘शुनःशेप’ (१९९६) या संग्रहांत आवाज खाली आला, धार वाढली. बापानेच विकलेला, यज्ञाच्या खांबाला बांधलेला मुलगा ही वैदिक कथा. ती नावात घेताना डहाके व्यवस्थेपुढे उभ्या असलेल्या सामान्य माणसाकडे बोट दाखवतात. ‘चित्रलिपी’ या कवितासंग्रहाला २००९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि २०१२ मध्ये चंद्रपूरच्या ८५ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं.

उत्तरकाळातल्या या कवितेची बांधणी चित्रकाराची आहे, असं माझं ठाम मत आहे. तिच्यात विशेषणं कमी, वस्तू जास्त. दोन दृश्यांमधली मोकळी जागाही बोलते. रेखाटन करणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळावं लागतं. तो संयम इथे शब्दांत उतरला आहे. प्रभा गणोरकर, जया दडकर आणि सदानंद भटकळ यांच्यासोबत केलेल्या कोशकार्यातही नेमकेपणाची हीच शिस्त आहे.

अकोल्याकडे पाहिलं की बहुकलेचं दुसरं रूप भेटतं. विठ्ठल वाघ यांनी वऱ्हाडी बोली मंचावर आणली, म्हणींचा अभ्यास केला, ‘अरे संसार संसार’ (१९८१) या चित्रपटासाठी गीत लिहिलं. त्यांची कला कानातून येते. शेतावरच्या, बाजारातल्या बोलण्याचा ठेका तिला आहे. म्हणूनच ती सभागृहात लगेच पकड घेते. डहाक्यांची कविता एकट्याने, पान समोर धरून वाचावी लागते. वऱ्हाडाला या दोन्हींची गरज आहे, पण टाळ्या ऐकण्याच्या कलेला सहज मिळतात. पाहण्याच्या कलेसाठी संस्था उभ्या कराव्या लागतात.

एकाच माणसाच्या अनेक कला शेजारी ठेवून पाहण्याची उदाहरणं जगात आहेत. स्पेनच्या लोर्काची रेखाटनं १९२७ मध्ये बार्सिलोनाच्या दालमाऊ दालनात मांडली गेली, आणि आज त्याच्या कवितेसोबत त्या रेखाटनांचाही विचार होतो. पिकासोने १९३५ पासून कविता लिहिल्या. त्याही त्याच्या चित्रांशेजारी ठेवून वाचल्या जातात. रवींद्रनाथांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन १९३० साली पॅरिसमध्ये भरलं आणि कवी म्हणून त्यांना ओळखणाऱ्यांना त्यांची वेगळी, काळोखी बाजू दिसली. एका कलेतलं काम दुसरीवर प्रकाश टाकतं, हे यातून सिद्ध झालं आहे.

डहाक्यांबाबतही हे करता येईल. अमरावतीत विद्यापीठ आहे, १९२३ पासूनची विदर्भ महाविद्यालयाची परंपरा आहे. तिथल्या मराठी विभागांनी आणि चित्रकलेच्या शिक्षकांनी मिळून डहाक्यांची चित्रं, रेखाटनं आणि हस्तलिखितं एकत्र जमवावीत, त्यांची नीट सूची करावी, कवितांशेजारी ती छापावीत. पदवीच्या विद्यार्थ्याला कविता शिकवताना समोर रेखाटन ठेवावं आणि विचारावं : इथे कवीने काय गाळलं? या प्रश्नापासून सुरू झालेली समीक्षा डहाक्यांना न्याय देईल, आणि लिहिता लिहिता चित्र काढणाऱ्या नव्या मुलांनाही आपल्या दोन्ही हातांवर विश्वास देईल.